एमएस फायनान्स, जीपीए ३.०६, हातात चार महिने : कुठून सुरुवात करू?

सांगलीचा_अभि
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतोय, पहिलाच धागा काढतोय.

न्यू जर्सीतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस फायनान्स करतोय, डिसेंबरात संपेल. जीपीए चारपैकी ३.०६. पहिल्या सेमिस्टरला डेरिव्हेटिव्हजमध्ये सी आला. पायथन त्याआधी कधी उघडलंसुद्धा नव्हतं, आणि आठवड्याचे वीस तास डायनिंग हॉलमध्ये काम चालू होतं. त्याआधी शिवाजी विद्यापीठाचं बीकॉम, ५७ टक्के, दुसऱ्या वर्षाला दोन विषयांत एटीकेटी.

उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली नाही. मार्चपासून १८० च्या आसपास अर्ज केलेत. तीन ठिकाणी व्हिडिओ मुलाखत झाली, म्हणजे समोर माणूस नाही, कॅमेऱ्याकडे बघून आपणच बोलायचं. पुढे काही नाही. हँडशेकवर (विद्यार्थ्यांसाठीची नोकऱ्यांची साइट) बरी जागा दिसली की खाली लिहिलेलं असतं ‘किमान ३.५’, नाहीतर ‘स्पॉन्सरशिप नाही’, म्हणजे व्हिसाचं कंपनी बघणार नाही. बऱ्याचदा दोन्ही.

वडिलांनी एनए प्लॉट तारण ठेवून ३२ लाखांचं कर्ज काढलंय. त्यांना जीपीए सांगितलेला नाही. इन्व्हेस्टमेंट बँकिंग करायचं म्हणून आलो होतो. ते धरून ठेवू का सोडू? कमी मार्कांवर या क्षेत्रात शिरलेलं कोणी इथे आहे का?

टिपटॉप
आय-२० (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेला कागद) काढ. त्यावरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, सांग. बाकीचं त्यानंतर.

मीनल_एडिसन
अभि, धागा काढलास हे फार बरं केलंस. माझ्या भाच्याने असंच सगळं पोटात ठेवलं होतं, सहा महिन्यांनी कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. मी एडिसनला असते. शनिवारी जेवायला ये, आमटीभात आहे, दुसरं काही विशेष नाही. हे सांत्वन म्हणून नाही म्हणत, उपाशीपोटी मुलाखती नीट होत नाहीत.

निवांत_पुणे
स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. मॅनहॅटनमधल्या मोठ्या बँकांचं अ‍ॅनालिस्टचं दार या आकड्यावर कॅम्पसमधून उघडणार नाही. तिथली भरती उन्हाळी इंटर्नशिपमधून होते आणि ती इंटर्नशिप वर्षभर, कधी त्याहून आधी ठरलेली असते. तू रांगेत उभा राहिलास तेव्हा खिडकी बंद झाली होती. ३.९ असता तरी डिसेंबरात बाहेर पडणाऱ्याला ती रांग अवघडच होती.

परत यायचाही विचार कर. पुण्यात खराडी-हडपसर-मगरपट्टा भागात बार्कलेज, डॉइशे बँक, यूबीएस, बीएनवाय, नॉर्दर्न ट्रस्ट यांची मोठी ऑफिसं आहेत. तिथे एक वर्ष सलग काम केलं की एल-१ व्हिसावर त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात बदली मागता येते. त्याला एच-१बी या नेहमीच्या नोकरीच्या व्हिसासारखी लॉटरी नाही.

टिपटॉप
@निवांत_पुणे, एल-१ कागदावर सोपा. मागच्या तीन वर्षांतलं सलग एक वर्ष लागतं हे बरोबर, पण कंपनीला तुला पाठवायचं असावं लागतं, आणि मॅनेजर नाहीतर त्या कंपनीचं खास ज्ञान असलेला माणूस म्हणून सिद्ध करावं लागतं. नव्या मुलाला वर्षभरात कोण पाठवतं? पाचेक वर्षांनी जमेल. पाच वर्षांत पुण्याच्या पगारात ३२ लाखांचं व्याज किती होतं ते मांड.

सांगलीचा_अभि
@टिपटॉप, आय-२० वर ५२.०८०१ आहे. वाईट आहे का?
@मीनलताई, नक्की येतो. थँक यू.

टिपटॉप
वाईट नाही, पण वेळ कमी. ५२.०८०१ म्हणजे साधं फायनान्स, ते स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या) यादीत नाही. तुला ओपीटी (शिक्षणानंतर इथे काम करायची परवानगी) १२ महिन्यांचीच मिळेल. त्यात बेरोजगारीचे एकूण ९० दिवस चालतात, त्याच्या पुढे स्टेटस जातं. आणि एच-१बीची मार्चमधली नोंदणी धड एकदाच हाती लागेल.

तुझ्याच डिपार्टमेंटमध्ये २७.०३०५ (फायनान्शियल मॅथेमॅटिक्स) किंवा ३०.७१०४ (फायनान्शियल अ‍ॅनालिटिक्स) कोडचा ट्रॅक आहे का विचार. हे दोन्ही स्टेममध्ये येतात. ३०.७१०४ तर २०२२ मध्ये यादीत आला, त्यामुळे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. स्टेम असेल तर १२ + २४ असे ३६ महिने. मात्र त्या पुढच्या २४ महिन्यांत कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली लागते. उद्या सकाळी डीएसओकडे (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा युनिव्हर्सिटीतला अधिकारी) जा. ईमेल नको, समोर जाऊन बस.

डेलावेअरकर
धागा वाचला आणि २०१३ चा मी आठवलो.

मुंबई विद्यापीठाचं बीई, एकदा वायडी. म्हणजे अख्खं वर्ष घरी. इथे एमएस, जीपीए ३.१. मलाही न्यूयॉर्कच हवं होतं. पाच महिने तिथेच अर्ज टाकत बसलो. शेवटी एका कन्सल्टिंग एजन्सीमार्फत विल्मिंग्टनला एका क्रेडिट कार्ड कंपनीत कंत्राटी काम लागलं. डेलावेअर मेमोरियल पूल ओलांडला की आलं विल्मिंग्टन. न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या बॅचमधल्या एकालाही तिथे कशाला अर्ज करायचा ते ठाऊक नव्हतं.

कार्डांचा धंदा तिथे का, हे ऐकण्यासारखं आहे. १९७८ मध्ये मार्केट (Marquette) नॅशनल बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की नॅशनल बँकेला स्वतःच्या राज्यातला व्याजदर दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकालाही लावता येईल. साउथ डाकोटाने व्याजाची कमाल मर्यादा काढली आणि सिटीबँकेने कार्डाचा कारभार न्यूयॉर्कहून सू फॉल्सला हलवला. १९८१ मध्ये डेलावेअरनेही तसाच कायदा केला आणि बँकांची रांग लागली. तेव्हापासून त्या छोट्या गावात हजारो लोक एकच प्रश्न सोडवतायत : कोण पैसे परत देईल आणि कोण नाही.

माझं पहिलं काम रोल रेटचं. ३० दिवस थकलेल्या खात्यांपैकी किती ६० वर जातात, ६० मधली किती ९० वर. सॅस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहायचा, दर महिन्याला तक्ता काढायचा. नऊ महिन्यांनी कंपनीने कायम केलं, पुढे एच-१बी लागला. आज मी स्वतः माणसं घेतो. सांगतो ते नीट ऐक : मी आजवर एकदाही कुणाचा जीपीए वाचून निर्णय घेतलेला नाही. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येतं का, आणि हातातला आकडा चुकीचा असेल तर ते लक्षात येतं का, एवढंच बघतो.

तू अमेरिकेत येण्याआधी काय करत होतास? बीकॉम आणि एमएसच्या मध्ये?

कोकणी_काकू
डेलावेअरकर, काय सुरेख लिहिलंय. माझे मिस्टर ३० वर्षं बँकेत होते, वसुली हा शब्द आमच्या घरात जेवताना रोज असायचा. त्याला इकडे असं भारदस्त नाव आहे हे आज कळलं.

सांगलीचा_अभि
@डेलावेअरकर दादा, मध्ये १४ महिने तासगावला एका पतसंस्थेत होतो. रेझ्युमेवर टाकलेलं नाही. छोटी संस्था आहे, इथे कोणाला काय कळणार म्हणून.

डेलावेअरकर
काय काम?

सांगलीचा_अभि
कर्ज विभागात. बेदाण्यावर कर्ज द्यायचो. शेतकरी माल कोल्ड स्टोरेजला ठेवतो, त्या पावतीवर भावाच्या काही टक्के रक्कम. भाव पडला की मार्जिन कमी पडायचं, मग फोन करून एकतर माल विका नाहीतर पैसे भरा. द्राक्षबागांचीही कर्जं होती. अवकाळी झाला त्या वर्षी थकबाकीची यादी मीच एक्सेलमध्ये केली, कारण आधी वहीत होती. ९० दिवसांच्या वरची खाती वेगळी काढायची, तरतूद किती लागेल ते मॅनेजरना द्यायचं, आणि कलम १०१ खाली वसुली दाखल्याचे कागद तयार करायचे.

डेलावेअरकर
अरे! हे तू झाकून ठेवलंस?

तारणावर कर्ज, बाजारभावाप्रमाणे मार्जिन, थकबाकीचं वर्गीकरण, तरतूद. याला इथे कमोडिटी-बॅक्ड लेंडिंग, कोलॅटरल मॉनिटरिंग आणि पोर्टफोलिओ डेलिंक्वेन्सी म्हणतात. अमेरिकेत शेतीला कर्ज देणाऱ्या शेकडो बँका आहेत, फार्म क्रेडिटची अख्खी यंत्रणा १९१६ पासून आहे. आयोवात मक्याचं जे होतं तेच तू बेदाण्याचं केलंस. तुझ्या वर्गातल्या ३.९ वाल्यांपैकी किती जणांनी खऱ्या माणसाला फोन करून ‘मार्जिन कमी पडतंय’ म्हणून सांगितलंय?

रेझ्युमेत ते सगळ्यात वर घे. किती खाती, किती रक्कम, वहीतून एक्सेलवर आणल्यावर यादी काढायला किती वेळ वाचला, सगळे आकडे खरे लिही. आठवत नसतील तर मॅनेजरना फोन करून विचार.

ओवी_शार्लट
अंगावर काटा आला हे वाचताना. +१ डेलावेअरकर.

मी शार्लटला आहे, बँक ऑफ अमेरिका आणि ट्रुइस्ट या दोघांचं मुख्यालय इथे. मी केवायसी आणि मनी लाँडरिंग रोखण्याच्या विभागातून शिरले, जीपीए ३.२. मुली-मुलं त्याकडे नाक मुरडतात. दोन वर्षांत मी क्रेडिटला गेले. आतून बदली मागताना जीपीए कोणी विचारला नाही.

कट्टा_२१
रेझ्युमेवर ३.०६ चं ३.१ करून टाक. राउंडिंग आहे, खोटं नाही.

शिल्पा_ऑडिट
@कट्टा_२१, नको. एका दशांशावर राउंड करणं गणितात बरोबर आहे, पण नोकरी देताना ट्रान्सक्रिप्ट मागतात आणि पडताळणी करणारा माणूस गणित शिकवायला बसलेला नसतो. आकडा जुळला नाही की प्रश्नचिन्ह. ३.०६ लिहायची सक्ती नसेल तर ओळच काढून टाक. अर्जात रकाना असेल तर खरं लिही.

आणि ‘आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का’ या प्रश्नाला ‘नाही’ टिचकवायला सांगणारे सीनियर भेटतील. ऐकू नकोस. ओळखीतल्या एका मुलाची ऑफर त्यावरून मागे घेतली गेली. त्या आठवड्यात आम्ही त्याला एकटं सोडलं नाही.

कट्टा_२१
मुद्दा पटला. माझा सल्ला मागे घेतो.

लंडनवारी
थोडं विषयांतर. ब्रिटनमध्ये ‘२:१’ (पदवीची उच्च द्वितीय श्रेणी) नसेल तर दार बंद, असं आपल्याकडे अजून सांगतात. ईवायने ही अट २०१५ मध्ये काढली, पीडब्ल्यूसीने २०२२ मध्ये. त्यांच्या स्वतःच्या परीक्षा असतात, त्यात टिकलात की झालं. आणि इकडे ७० म्हणजे डिस्टिंक्शन. माझी आई माझे ६४ टक्के ऐकून दोन दिवस गप्प होती, तिला कसं समजावलं माझं मला माहीत.

मात्र इथेही वेळेची कात्री आहेच. ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसासाठी नव्या उमेदवाराला वर्षाला किमान ३३,४०० पौंड पगार लागतो. लंडनबाहेरच्या छोट्या फर्मना तो जड जातो.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. तिथल्या गणपतीत मला पहिला रेफरल मिळाला, आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत. तुमच्याकडेही मंडळं आहेत. लाजू नकोस.

आकडेमोड
मी अ‍ॅक्चुअरी (विम्याची जोखीम मोजणारा), हार्टफर्ड. आमच्याकडे परीक्षा बोलतात. सोसायटी ऑफ अ‍ॅक्चुअरीजचे पी आणि एफएम हे पहिले दोन पेपर पास असतील तर जीपीएची सक्ती बरीच सैल होते. पण अभि, तुला गणिताची आवड नसेल तर याच्या वाटेला जाऊ नकोस, पेपर पुढे वर्षानुवर्षं चालतात. उत्सुकता म्हणून विचारतो, डेरिव्हेटिव्हजचा सी कशात अडकला? गणितात की कोडिंगमध्ये?

सांगलीचा_अभि
कोडिंगमध्ये. गणित जमत होतं. असाइनमेंट वेळेत पोचायच्या नाहीत.

आकडेमोड
मग तो सी गणिताचा नाहीच. मुलाखतीत कोणी विचारलं तर हेच एका वाक्यात सांग, आणि त्यानंतर पायथनमध्ये काय केलंस ते दाखव. दाखवायला काहीतरी लागेल मात्र.

निवांत_पुणे
बेदाण्याची गोष्ट वाचून माझं मत बदललं. घाईने परत येऊ नकोस. एक मात्र विचारायचं राहिलं, अर्जांमध्ये बीकॉमचे ५७ टक्के कसे लिहितोस?

सांगलीचा_अभि
२५ ने भागून. २.२८.

निवांत_पुणे
अरे बाबा! ते सूत्र कुठून आणलंस? १८० अर्जांत २.२८ गेलं? आपल्या विद्यापीठात ५५ च्या वर उच्च द्वितीय श्रेणी असते. आपले पेपर कसे तपासतात ते तुलाही माहीत आहे, तिथे ५७ म्हणजे इथल्या वर्गातले ५७ नव्हेत. टक्के लिहायची सोय असेल तिथे ५७ टक्के आणि पुढे श्रेणी लिही. चारच्या मापातच हवं असेल तर मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यांकन करून घे, त्यांचा आकडा वापर. स्वतः भागाकार करायचा नाही.

मीनल_एडिसन
हे वाचून माझाच जीव कळवळला. १८० वेळा पोराने स्वतःच स्वतःला कमी लेखलं.

सांगलीचा_अभि
डीएसओ आणि प्रोग्रॅम डायरेक्टर दोघांना भेटलो. फायनान्शियल अ‍ॅनालिटिक्सचा ट्रॅक आहे, कोड ३०.७१०४. माझे तीन कोर्स त्यात धरले जातात, पण आणखी दोन लागतील आणि ते वसंतातच आहेत. म्हणजे डिसेंबरऐवजी मेमध्ये संपेल. फी आणि राहण्याचे मिळून अंदाजे नऊ लाख रुपये जास्त. काय करू?

कट्टा_२१
नऊ लाख?! आधीच ३२ आहेत. कर्जाच्या डोक्यावर कर्ज. मी नसतं केलं.

टिपटॉप
मी केलं असतं. नऊ लाखांत दोन वर्षं जास्त मिळतायत. लॉटरीत एकाऐवजी तीनदा नाव जाईल.

लॉटरीचंही आता नीट समजून घे. २०२६ च्या नोंदणीपासून निवड पगाराच्या पातळीप्रमाणे होते, पातळी १ ला एक चिठ्ठी, पातळी ४ ला चार. आणि ही पातळी त्या कामाच्या त्या भागातल्या पगारांवर ठरते. तोच पगार मॅनहॅटनमध्ये खालच्या पातळीत बसेल आणि छोट्या शहरात वरच्या. म्हणजे डेलावेअरकर म्हणतात ते विल्मिंग्टन, किंवा डे मॉइन, यांचं वजन आता पूर्वीपेक्षा जास्त.

एक लाख डॉलरच्या फीची धास्ती घेऊ नकोस. २०२५ च्या सप्टेंबरात घोषणा झाली, पण ऑक्टोबरात यूएससीआयएसने (इमिग्रेशन खात्याने) स्पष्ट केलं की अमेरिकेत राहूनच एफ-१ विद्यार्थी व्हिसावरून स्टेटस बदलणाऱ्याला ती नाही. फक्त कंपन्यांच्या एचआरलाही हे नेहमी माहीत नसतं, तेव्हा तो कागद जवळ ठेव.

शिल्पा_ऑडिट
अनुमोदन. आणखी एक, युनिव्हर्सिट्या एच-१बीच्या कोट्याबाहेर असतात. त्यांच्या बजेट ऑफिसात, एंडोमेंटच्या (देणगीनिधीच्या) हिशेबात, ग्रँट्सच्या लेखा विभागात माणसं लागतात. पगार कमी, पण लॉटरी नाही. कोणी अर्जच करत नाही तिकडे.

मे पर्यंत थांबलास तर जानेवारी ते एप्रिल व्हिटा कर. आयआरएसचा (करखात्याचा) उपक्रम आहे, कमी उत्पन्नाच्या लोकांची करविवरणं स्वयंसेवक विनामूल्य भरून देतात, त्याआधी आयआरएसची परीक्षा पास व्हावी लागते. डीएसओला विचारूनच कर. खऱ्या अमेरिकन माणसासमोर बसून त्याच्या पैशांबद्दल बोलायची सवय होते. व्हिडिओ मुलाखतीत अडखळतोस त्यावर याच्याइतकं चांगलं औषध मला ठाऊक नाही.

ओवी_शार्लट
सीएफएबद्दल (गुंतवणूक विश्लेषकांची परीक्षा) कोणी बोललंच नाही. लेव्हल १ म्हणजे १८० प्रश्न, सव्वादोन तासांची दोन सत्रं. चांगली परीक्षा आहे, पण नोकरी लावत नाही. क्रेडिटमध्ये जायचं असेल तर त्याच्या तयारीचे तीनशे तास आत्ता एसक्यूएलला दे.

आकडेमोड
ओवीशी असहमत. कमी जीपीएवाल्याला नवा, ताजा, स्वतंत्र आकडा दाखवायला हवा. सीएफए नको तर एफआरएमचा (जोखीम व्यवस्थापनाची परीक्षा) पहिला भाग. ‘पहिल्या सेमिस्टरला सी होता, आज हे पास आहे’ असं दाखवता आलं पाहिजे.

ओवी_शार्लट
ठीक, एफआरएम पटतं. पण नोकरी लागल्यावर, कंपनीच्या पैशाने.

कोकणी_काकू
आणि बाबांना कधी सांगणार?

सांगलीचा_अभि
दहा दिवसांनी परत आलोय.

काकू, सांगितलं. रविवारी फोन केला. जीपीए सांगितला, ट्रॅक बदलतोय ते सांगितलं, नऊ लाखांचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुला डेरिव्हेटिव्हज येत नाही म्हणजे नक्की काय येत नाही ते मला सांग. अर्धा तास फोनवर मी त्यांना पुट ऑप्शन समजावला. द्राक्षाचा भाव पडला तरी ठरलेल्या दराने विकायचा हक्क, त्यासाठी आधी थोडे पैसे. म्हणाले, हे आपल्याकडे पाहिजे होतं रे.

मे पर्यंत थांबतोय. नऊपैकी चार लाख मामा देतोय, बाकीचे कॅम्पसच्या कामातून आणि थोडं कर्ज वाढवून. पतसंस्थेच्या मॅनेजरनी आकडे काढून दिले : ४१२ खाती, त्यातली ६७ माझ्या यादीत ९० दिवसांच्या वर. अवकाळीनंतरच्या वर्षात त्यातली ३८ परत नियमित झाली. त्या खात्यांवर पायथनमध्ये रोल रेटचा तक्ता करतोय, नावं काढून, त्यांची लेखी परवानगी घेऊन. अजून कोड मधेच अडतो.

इन्व्हेस्टमेंट बँकिंग सोडलं. वाईट वाटतं, पण पहिल्यासारखं नाही. दहा अर्ज नव्या रेझ्युमेवर केलेत, त्यातले चार शेतीकर्ज देणाऱ्या बँकांना. एका ठिकाणी फोनवर वीस मिनिटं बोललो. त्या बाईंनी बेदाणा कसा वाळवतात तेच विचारलं निम्मा वेळ.

मीनल_एडिसन
मला आता रडू येतंय. या शनिवारीही ये.

डेलावेअरकर
शुक्रवारी संध्याकाळी सहाला फोन कर, नंबर व्यक्तिगत निरोपात टाकलाय. तक्ता आधी पाठव, कोड अडतोय तसाच पाठव. आणि ९० च्या वरची जी २९ परत आली नाहीत, ती कुठल्या गावांतली, बागायत की जिरायत, ते वेगळं काढून ठेव. मी तेच आधी विचारणार आहे.